प्रजासत्ताक दिनाची ‘टेन के’, जोडीने: गंगापूर रोडवरील एका शर्यतीचे परीक्षण

नाशिकमध्ये थंडीचे दिवस म्हणजे रस्त्यावरच्या शर्यतींचा हंगाम, आणि त्यातही २६ जानेवारीची सकाळ आयोजकांना विशेष सोयीची असते. बहुतेक कार्यालये बंद असतात, रस्त्यावर वर्दळ कमी असते आणि पहाटेच्या गारव्यामुळे नवख्या माणसालाही दहा किलोमीटर झेपतात. १ मे हीसुद्धा सार्वजनिक सुट्टीच आहे. परंतु त्या दिवशी नाशिकमध्ये सकाळी आठ वाजताच डांबर तापायला लागते आणि धावणे सुखाचे राहत नाही. या प्रजासत्ताक दिनी गंगापूर रोडवर झालेल्या १० किलोमीटरच्या शर्यतीत मी आणि माझी जुनी मैत्रीण ‘जोडी’ गटात धावलो. आयोजकांचे नाव मी येथे देत नाही, कारण त्रुटींचे सविस्तर पत्र त्यांना स्वतंत्रपणे पाठवले आहे. सुट्टीच्या दिवशी कोणाबरोबर तरी धावण्याचा विचार करणाऱ्यांना नोंदणीपूर्वी काय पाहावे हे कळावे, एवढ्यासाठी हे परीक्षण लिहिले आहे.

माझे मत आधीच सांगते. रस्त्यावर जे घडते ते या शर्यतीत बरेच चांगले आहे, आणि रस्त्याबाहेर, म्हणजे मंच, रांगा आणि निकाल या बाबतींत, ती ढिसाळ आहे. जोडीने धावण्यासाठी मी ती निःसंकोच सुचवीन. स्वतःची सर्वोत्तम वेळ काढायची असेल, तर मात्र दुसरी शर्यत शोधावी.

प्रजासत्ताक दिनाच्या शर्यतीचे एक वेगळेपण लक्षात घेतल्याशिवाय तिचे मोजमाप नीट होणार नाही. राज्यात त्या दिवशीचे मुख्य शासकीय ध्वजारोहण सकाळी ९ वाजून १५ मिनिटांनी असते आणि ८.३० ते १० या वेळेत अन्य कार्यक्रम ठेवू नयेत, अशी सूचना शासनाच्या परिपत्रकातून दिली जाते. साहजिकच शर्यत साडेआठच्या आत आटोपावी लागते आणि रस्ताही तोवर मोकळा करून द्यावा लागतो. शिवाय ही सुट्टी सर्वांना सारखी नसते. माझी मैत्रीण माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. तिला सव्वाआठपर्यंत झेंडावंदनासाठी शाळेत हजर राहायचे होते, आणि इस्त्री केलेली पांढरी साडी गाडीच्या मागच्या आसनावर ठेवूनच ती मैदानावर आली होती. शिक्षक, पोलीस, महसूल कर्मचारी, बँडपथकातली मुले अशा अनेकांना त्या सकाळी पुढे कामावर जायचे असते. म्हणूनच या शर्यतीत वेळ पाळणे हा शिष्टाचाराचा भाग नसून सेवेचाच भाग आहे, आणि आयोजकांचे सर्वांत मोठे अपयश नेमके तिथे आहे.

नोंदणी ऑनलाइन होती. एकट्याचे शुल्क ८०० रुपये आणि जोडीचे १,४०० रुपये होते; त्यावर ‘सुविधा शुल्क’ म्हणून आणखी थोडी रक्कम लागली, ती मात्र पैसे भरण्याच्या शेवटच्या पानावर आल्यावरच दिसली. ती पहिल्याच पानावर लिहायला हवी होती. अर्जात रक्तगट, आजारांची माहिती आणि तातडीच्या वेळी कळवायचा दूरध्वनी क्रमांक हे तिन्ही रकाने अनिवार्य होते आणि तीच माहिती पुढे बिबच्या, म्हणजे छातीवर लावायच्या क्रमांकपत्राच्या, मागील बाजूस छापून आली, ही बाब मला समाधानाची वाटली. पुष्कळ ठिकाणी ही जागा कोरी असते आणि धावणाऱ्याने ती पेनाने भरावी अशी अपेक्षा असते. भरते कोणीच नाही.

जोडी गटाचे नियम स्पष्ट होते. महिला, पुरुष आणि मिश्र असे तीन उपगट; दोघांनी सुरुवातीची आणि शेवटची रेषा एकत्र ओलांडायची, दोघांमधले अंतर दहा सेकंदांपेक्षा अधिक असता कामा नये, आणि दोघांपैकी जो मागे असेल त्याची वेळ जोडीची वेळ म्हणून धरली जाईल. हा शेवटचा नियम मला फार आवडला. दोघांच्या वेळांची सरासरी धरली असती, तर जोरात पळणाऱ्याने पुढे जायचे आणि दुसऱ्याने मागून धापा टाकत यायचे असा प्रकार झाला असता. मागच्याची वेळ धरल्यामुळे पुढच्याला पुढे राहण्यात काहीच लाभ उरत नाही.

बिबचे वाटप आदल्या दिवशी कॉलेज रोडवरील एका सभागृहात होते. एका व्यक्तीला दोघांची बिब नेता येतील, मात्र दुसऱ्याच्या ओळखपत्राची प्रत आणि सहीचे पत्र हवे, असे ईमेलमध्ये लिहिले होते. प्रत्यक्षात खिडकीवरच्या स्वयंसेवकाला त्याची कल्पनाच नव्हती, त्यामुळे त्याने वरिष्ठांना विचारून येईपर्यंत आमच्या मागची रांग दारापर्यंत पोहोचली. पिशवीत बिब, चार सेफ्टी पिना, टी-शर्ट, सामानासाठीची चिठ्ठी आणि नाश्त्याचे कुपन होते. टी-शर्टचे कापड हलके आणि घाम लवकर सुकवणारे होते, परंतु पाठीवर प्रायोजकांच्या चिन्हांची इतकी दाटी होती की मार्गाचा नकाशा तिथे छापला असता तर अधिक उपयोग झाला असता. स्त्रियांसाठी वेगळ्या मापाचे टी-शर्ट आहेत असे अर्जात म्हटले होते. मिळाले ते पुरुषांच्याच मापाचे, फक्त लहान आकाराचे. खांदे रुंद, बाह्या कोपरापर्यंत. स्त्रियांसाठी स्वतंत्र उपगट ठेवणाऱ्या संस्थेने एवढी काळजी घ्यायला हरकत नव्हती.

बिबच्या मागे चिकटवलेल्या, धावण्याची वेळ नोंदवणाऱ्या टायमिंग चिपविषयी थोडे लिहिणे भाग आहे, कारण पुढे निकालात झालेल्या गोंधळाचा संबंध तिच्याशी आहे. ही चिप स्वतः काही प्रक्षेपित करत नाही. रस्त्यावर अंथरलेल्या मॅटमधील अँटेनातून निघणाऱ्या रेडिओलहरींनी ती जागी होते आणि आपला क्रमांक परत कळवते. माणसाच्या शरीरातले पाणी या लहरी शोषून घेते, म्हणून चिपवर फोमची पातळ पट्टी लावलेली असते, जेणेकरून ती छातीला थेट टेकू नये. बिबला घडी घालणे, ते कमरेला गुंडाळणे किंवा ती पट्टी काढून टाकणे यांमुळे चिप वाचली न जाण्याची शक्यता वाढते. वाटपाच्या ठिकाणी याची सूचना देणारा साधा फलकही नव्हता, आणि कित्येक जण बिबची घडी करूनच पिशवीत कोंबत होते.

शर्यतीच्या सकाळी पारा बारा अंशांच्या आसपास असावा. शेवटचे दिशादर्शक फलक अंधारातही दिसतील असे लावले होते आणि वाहनतळाची व्यवस्था सुरळीत होती. सामान ठेवण्याच्या खिडकीवर बिबच्या क्रमांकानुसार रांगा केल्या होत्या, त्यामुळे तिथे दोन मिनिटांत काम झाले. याउलट फिरत्या शौचालयांची संख्या गर्दीच्या मानाने फारच अपुरी होती. थंडीत धावण्याआधी तिथे जावेच लागते, हे कोणत्याही धावपटूला ठाऊक असते. स्त्रियांच्या रांगेत आमच्या पुढे जेवढ्या जणी होत्या त्या पाहता सुरुवात चुकेल की काय अशी धास्ती वाटत होती, आणि ज्या शौचालयापर्यंत आम्ही अखेर पोहोचलो त्याची कडी मोडलेली असल्याने आम्ही आळीपाळीने दार बाहेरून धरून उभ्या राहिलो. जोडीने धावण्याचा हा लाभ नियमावलीत लिहिलेला नव्हता.

सुरुवातीची घोषित वेळ साडेसहा होती. सहा वाजून वीस मिनिटांनी झुंबाचा वॉर्म-अप संपला, सगळे रेषेमागे उभे राहिले, अंग गरम झाले होते, आणि मग मंचावर सत्कार सुरू झाले. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, आणि प्रत्येक पाहुण्याचे ‘दोनच शब्द’. त्या दोन शब्दांमध्ये आरोग्य, तरुणाई आणि नाशिकची थंड हवा हे तिन्ही विषय येत होते. अंगातली ऊब हळूहळू निघून गेली, दंडावर काटा उभा राहिला आणि माझ्या मैत्रिणीने घड्याळाकडे पाहणे थांबवून डोळे मिटून घेतले. “अगं, ह्यांना कोणी सांगा की आम्हाला शाळेत झेंडा आहे,” ती पुटपुटली, तेव्हा शेजारच्या ओळीतून दोन अनोळखी शिक्षकांनी तिला दुजोरा दिला. राष्ट्रगीत मात्र नेटके झाले. ५२ सेकंदांच्या त्या अवधीत एकही पाय हलला नाही, फक्त कुणाच्या तरी मनगटावरचे घड्याळ उपग्रह सापडल्याची सूचना देत दोनदा वाजले. शर्यत सुटली तेव्हा सहा वाजून बेचाळीस मिनिटे झाली होती. पाहुण्यांचा सत्कार शेवटच्या रेषेवर, परत येणाऱ्यांच्या टाळ्यांमध्ये करता येतो. सुरुवातीला थंडीत उभ्या केलेल्या लोकांसमोर तो करू नये, अशी माझी आयोजकांना लेखी सूचना आहे.

सुरुवातीच्या रेषेवर वेगानुसार कप्पे केलेले नव्हते. चालत जाण्याच्या तयारीने आलेली कुटुंबे, सेल्फी काढणारी महाविद्यालयीन मुले आणि चाळीस मिनिटांच्या आत दहा किलोमीटर संपवणारे धावपटू हे सगळे एकाच गर्दीत होते. आम्हाला रेषा ओलांडायलाच दोन मिनिटे लागली. चिपमुळे प्रत्येकाची स्वतःची वेळ रेषा ओलांडल्यापासून मोजली जाते खरी, परंतु बक्षिसांसाठीचा क्रम बहुतेक शर्यतींप्रमाणे येथेही शर्यत सुटल्याच्या क्षणापासूनच धरला गेला. ज्यांना क्रमांकाची आशा आहे त्यांनी पुढे घुसणे अटळ होते, आणि पहिला अर्धा किलोमीटर डावीकडे-उजवीकडे वाट काढण्यातच गेला. एकटा माणूस अशा गर्दीतून सुळकन निघून जातो; जोडीला ते जमत नाही. आम्ही रस्त्याच्या दुभाजकाला लागून, एकमेकींच्या कोपराच्या अंतरावर धावलो आणि गर्दी विरळ होण्याची वाट पाहिली.

मार्ग हा या शर्यतीचा सर्वांत चांगला भाग आहे. जेहान सर्कलच्या परिसरातून सुरुवात, आनंदवल्लीवरून सोमेश्वरच्या पुढे जाऊन वळण आणि त्याच रस्त्याने परत. हा रस्ता गोदावरीच्या साधारण समांतर, नदीच्या उगमाकडे जातो, त्यामुळे जाताना चढ आहे. तो डोळ्यांना जाणवत नाही, पोटऱ्यांना जाणवतो. परत येताना तोच उतार हाती लागतो, आणि ज्यांनी पहिल्या निम्म्या अंतरात घाई केली नाही त्यांना त्याचा पुरेपूर फायदा मिळतो. पहिले चार किलोमीटर अंधूक उजेडात झाले. नाशिकमध्ये त्या सुमारास सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, आणि जाताना तोंड पश्चिमेकडे असल्याने तो उगवल्याचे आम्हाला समोरच्या इमारतींच्या वरच्या मजल्यांवर पडलेल्या केशरी उजेडावरून कळले. वळून परत फिरल्यावर मात्र तो थेट डोळ्यांत आला. खालच्या कोनातल्या त्या उन्हात पुढचा गतिरोधक दिसत नाही. आयोजकांनी प्रत्येक गतिरोधकाजवळ शिट्टी घेतलेला एक स्वयंसेवक उभा केला होता, आणि हा विचार ज्याच्या डोक्यात आला तो स्वतः या रस्त्यावर सकाळी धावत असणार, याविषयी मला शंका नाही. टोपी किंवा गॉगल मात्र आपणच न्यावा.

वळणाच्या अलीकडे समोरून परतणारे पहिले धावपटू दिसले. त्यांत पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर भागांतली मुले-मुली बरीच होती. पायात साधे कॅनव्हासचे बूट, अंगात शाळेच्या मैदानावरची बनियन, आणि पावलांचा आवाज जवळजवळ नाहीच. नाशिक जिल्ह्याच्या आदिवासी भागातून आलेल्या, ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कविता राऊत यांनी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले, तेव्हापासून या जिल्ह्यात मुलीने रस्त्यावर धावणे ही कोणाला समजावून सांगावी लागणारी गोष्ट राहिली नाही. या शर्यतीत ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांना शुल्क माफ होते आणि खुल्या गटाच्या बक्षिसांची रक्कम स्त्री-पुरुषांना सारखी होती. या दोन गोष्टींसाठी आयोजकांचे वेगळे कौतुक करायला हवे. आमच्या बाजूने जाणारे सगळेच त्या मुलांसाठी टाळ्या वाजवत होते; रस्ता एकच, येणारे-जाणारे समोरासमोर, म्हणूनच हे शक्य झाले. वर्तुळाकार मार्गावर मागचा माणूस पुढच्याला कधी पाहतच नाही.

पाण्याची तीन ठिकाणे होती. बाटल्यांऐवजी कागदी पेले आणि प्रत्येक ठिकाणाच्या पुढे पन्नास पावलांवर कचऱ्याचे पिंप, ही व्यवस्था योग्य होती, कारण धावणारा माणूस पाणी पिऊन संपवेपर्यंत तेवढे अंतर गेलेलेच असते. दोन ठिकाणी मीठ-साखरेचे पाणी, एका ठिकाणी संत्र्याच्या फोडी आणि चिक्की. उणीव एवढीच की टेबले फक्त जाणाऱ्या बाजूला मांडलेली होती. परतणाऱ्यांना दुभाजकाच्या फटीतून पलीकडे जाऊन, समोरून येणाऱ्यांना चुकवत पाणी घ्यावे लागले, आणि उन्हामुळे पाण्याची खरी गरज परतीच्याच वाटेवर होती. तिथे जमिनीवर पडलेल्या ओल्या पेल्यांवरून एकाचा पाय घसरलेला आम्ही पाहिला. सुदैवाने वैद्यकीय पथकाची दुचाकी मिनिटभरात पोहोचली. रुग्णवाहिका वळणावर आणि शेवटी अशा दोन ठिकाणी उभ्या होत्या, आणि फिजिओथेरपीचे विद्यार्थी शर्यत संपल्यावर पोटऱ्या ताणून देत होते.

वाहतुकीचा बंदोबस्त पोलिसांनी आणि स्वयंसेवकांनी मिळून चोख ठेवला होता. सात-साडेसातनंतर गल्ल्यांमधून दुचाक्या येऊ लागल्या, त्यांना थांबवताना वादावादी झाली नाही. बहुतेकांच्या मागे पांढऱ्या गणवेशातली, हातात छोटा झेंडा धरलेली मुले बसलेली होती आणि तीच धावणाऱ्यांना ओरडून प्रोत्साहन देत होती. एका शाळेचे लेझीम पथक प्रभातफेरीला निघण्याआधी रस्त्याच्या कडेला सराव करत होते. त्या लयीत पावले आपोआप जलद पडतात आणि पुढच्या किलोमीटरला त्याची किंमत मोजावी लागते. जोडीदार असल्याचा उपयोग अशा वेळी होतो. मैत्रिणीने माझा टी-शर्ट मागून ओढला आणि मी वेग कमी केला.

अंतराच्या अचूकतेविषयी शर्यतीनंतर पुष्कळ कुरकुर ऐकू आली, ती अंशतः अनाठायी आहे. प्रमाणित मार्ग मोजण्यासाठी सायकलच्या पुढच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचे मोजणीयंत्र लावतात, पोलादी फितीने मोजलेल्या सरळ पट्ट्यावर त्या सायकलचे मापन करून घेतात आणि मग वळणांवर कडेपासून ३० सेंटिमीटर अंतर ठेवून, शक्य तितक्या जवळच्या रेषेने संपूर्ण मार्ग मोजतात. शिवाय मार्ग आखूड भरू नये म्हणून हजारी एक, म्हणजे दहा किलोमीटरला दहा मीटर, जादा धरतात. धावणारा ही सर्वांत जवळची रेषा कधीच पकडत नाही आणि मनगटावरचे घड्याळ उपग्रहाच्या ठिपक्यांवरून अंदाज बांधते, त्यामुळे घड्याळात १०.१५ किंवा १०.२ दिसले म्हणून मार्ग चुकला असे होत नाही. कुरकुरीचा दुसरा भाग मात्र खरा आहे. किलोमीटरचे फलक नीट लावलेले नव्हते: सहा ते सात हे अंतर आम्ही आमच्या नेहमीच्या वेगापेक्षा जवळजवळ मिनिटभर लवकर पार केले आणि सात ते आठ मिनिटभर उशिरा. आमच्या पायांत असा काही चमत्कार झालेला नव्हता. सातचा फलक जवळच्या विजेच्या खांबाला बांधणे सोयीचे होते, एवढाच त्याचा अर्थ. वेळेचा हिशेब ठेवून धावणाऱ्याला असा फलक नसलेला परवडतो.

आठव्या किलोमीटरनंतर मैत्रिणीच्या बरगडीखाली कळ आली. वर्षानुवर्षे बरोबर धावणाऱ्यांना एकमेकींचे श्वास ऐकू येतात. तिचा श्वास तुटक झाला तेव्हा बोलणे आपोआप थांबले होते. ती चालू लागली, मीही चालू लागले. “तू हो पुढे,” ती म्हणाली. “पुढे होऊन काय करू? वेळ तुझीच धरणार आहेत,” असे मी म्हटले, तेव्हा तिला हसू आले, आणि हसताना कळ आणखी वाढल्यामुळे तिने मला एक शिवी दिली जी शाळेत वापरत नसावी. तिने हातातली चिक्की मोडून अर्धी मला दिली, कमरेवर हात ठेवून विजेच्या दोन खांबांएवढे अंतर आम्ही चाललो, आणि मग तिनेच मान हलवून पुन्हा धावायला सुरुवात केली. जोडी गटाचा तो नियम कागदावर हिशेबाचा वाटतो. तिथे, त्या रस्त्यावर, त्याने आम्हा दोघींना एक अवघड संभाषण करण्यापासून वाचवले.

आम्ही आठ वाजण्याच्या किंचित आधी रेषा ओलांडली. सव्वा तासाच्या आसपासची ही वेळ दीड तासाच्या कट-ऑफमध्ये, म्हणजे शर्यत पूर्ण करण्याच्या कमाल मुदतीत, सहज बसणारी आहे आणि आमच्या वयाला शोभणारीही. पदक जड, तिरंगी फितीचे. ते गळ्यात घालून मैत्रीण थेट गाडीकडे पळाली, साडी तिने शाळेतच नेसली, आणि भाषणांत गेलेली ती बारा मिनिटे मिळाली असती तर तिला दोन घास खाऊन जाता आले असते.

मागे राहिल्यामुळे नाश्त्याचे परीक्षण माझ्याकडे आले. पोहे गरम होते, चहा गोड होता, आणि खाऊच्या पाकिटात केळ्याबरोबर दोन जिलेब्या होत्या. २६ जानेवारीला जिलेबी नाही असे मराठी घर विरळाच, आणि ज्याने हे ध्यानात ठेवले त्याला पूर्ण गुण. नाशिकच्या शर्यतीनंतर मिसळ का नाही, असा प्रश्न रांगेत अनेकांनी विचारला; माझ्या मते न देणेच शहाणपणाचे होते, कारण काळ्या मसाल्याची तर्री रिकाम्या, हिंदकळलेल्या पोटाला मानवत नाही, आणि ज्यांना हवी असते ते मित्रांबरोबर तिथून पुढे जातातच. मैत्रिणीचे कुपन दाखवून तिचे पाकीट मागितले, तेव्हा स्वयंसेविकेने काहीही न विचारता दिले.

मैदानात एक गोष्ट खटकली. शेवटच्या रेषेजवळ सर्वांना कागदी झेंडे वाटले गेले आणि छायाचित्रे काढून झाल्यावर त्यांतले बरेच गवतावर पडलेले दिसले. कागदी झेंडा कार्यक्रमानंतर जमिनीवर टाकू नये, त्याची सन्मानाने, खासगीत विल्हेवाट लावावी, असे भारतीय ध्वजसंहितेत स्पष्ट म्हटले आहे. महाविद्यालयीन स्वयंसेवकांपैकी दोघी-तिघी ते एकेक वेचून खोक्यात ठेवत होत्या, आणि त्यांना ते कोणी सांगितलेले नव्हते. हजारो लोकांच्या हातात झेंडा द्यायचा असेल, तर तो परत घेण्याची पेटी शेजारीच असायला हवी.

निकालाचा गोंधळ अजून राहिला. दुपारी मला वेळेचा संदेश आला. मैत्रिणीला आला तो ‘अपात्र’ असा. वळणावरच्या मॅटवर तिची चिप वाचली गेली नव्हती, त्यामुळे तिने मधूनच परत फिरून अंतर वाचवले असा निष्कर्ष संगणकाने काढला, आणि तिच्याबरोबर जोडीही बाद झाली. आम्ही खांद्याला खांदा लावून वळलो होतो आणि ती माझ्या पलीकडच्या बाजूला होती, म्हणून माझ्या अंगाआड तिची चिप झाकली गेली असण्याची शक्यता मला अधिक वाटते. जोडी गट ठेवल्यावर असे होणारच, आणि यासाठी वळणावर दोन मॅट एकामागोमाग अंथरण्याची पद्धत आहे. तक्रारीच्या ईमेलला पहिले उत्तर ठरावीक छापाचे आले. दुसऱ्या ईमेलसोबत आम्ही आयोजकांच्याच छायाचित्रकाराने वळणावर काढलेले छायाचित्र जोडले, त्यात दोघींची बिब स्वच्छ वाचता येत होती. त्यानंतर दोन दिवसांत निकाल दुरुस्त झाला. दिलगिरीची एक ओळ सोबत आली असती तर बरे वाटले असते.

पुढील वर्षी ज्यांना जोडीने नोंदणी करायची आहे त्यांनी टी-शर्ट एक माप लहान मागवावा, बिब छातीवर सपाट लावावे, वळणावरच्या मॅटवरून जाताना एकमेकांच्या शेजारी न राहता एकामागे एक व्हावे, आणि छायाचित्रकार दिसला की बिबवरून हात बाजूला घ्यावा. ज्यांना त्या सकाळी झेंडावंदनाला पोहोचायचे आहे त्यांनी घोषित वेळेत पंधरा मिनिटे मिळवूनच हिशेब करावा, किंवा ५ किलोमीटरच्या गटात नाव द्यावे. तो गट आमच्यानंतर सुटला तरी साडेसातच्या सुमारास मोकळा झाला होता. मैत्रिणीला हा पर्याय मी सुचवला, पण पाच किलोमीटरमध्ये जोडी गट नाही असे तिने लगेच दाखवून दिले.